मधल्या घरातला जावई

माझी आत्या कुठल्याही दारातून आत शिरताना मान खाली घालते. दार कितीही उंच असो. बँकेचं काचेचं दार, दवाखान्याचं दुहेरी दार, एकदा तर हत्ती सुखानं आत जाईल असं नाट्यगृहाचं दार. आत्या आधी वाकली, मग आत गेली. नवखी माणसं म्हणतात, बाई किती नम्र. नम्र वगैरे काही नाही. जिथे तिनं संसार केला त्या घरात ताठ मानेनं चालणाऱ्याच्या कपाळाला टेंगूळ येतं, एवढंच.

ते घर बघायला लोक लांबून येतात. दोन जुन्या, उंच इमारतींच्या मधे, जिथे खरं म्हणजे बोळ असायला हवा, तिथे आत्याचं घर आहे. रुंदी एका माणसाच्या पसरलेल्या हातांएवढी. खाली दार, वर खिडकी, त्यावर उतरतं छप्पर. झालं घर. टपालवालाही त्याला 'मधलं घर' म्हणूनच ओळखतो. प्रवासी दारासमोर हात पसरून उभे राहतात, सोबतचा माणूस फोटो काढतो, आणि मग सगळे काचेतून आत डोकावतात तर शिवणयंत्रामागे आत्या बसलेली. ती हसते. न हसून करते काय.

या लोकांना घेऊन येणारा गाईड बारा महिने गळ्यात मफलर घालतो, म्हणून आम्ही त्याचं नावच मफलर ठेवलंय. त्याची गोष्ट आत्याला तोंडपाठ होती. तीन भाऊ होते. एकाची ही इमारत, दुसऱ्याची ती. तिसऱ्याच्या, सगळ्यात धाकट्याच्या वाटणीला आला मधला बोळ. तो म्हणाला, बोळ तर बोळ. आणि दोघा भावांच्या खिडक्या बुजतील असं घर त्यानं बोळात बांधून काढलं. इथे मफलर आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "असं हे द्वेषाचं घर." ऐकणारे समाधानानं उसासा टाकायचे. भाऊबंदकी म्हटली की कुठल्याही देशाच्या माणसाला आपापलं घर आठवतं. गोष्ट खरी की खोटी हे कुणी विचारलं नाही. आत्यानंही नाही.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी, कुणी बघत नाही असं पाहून तिनं दोन्ही हात पसरले होते. कोपरं सरळ, आणि दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना नेमके टेकलेले. "माझ्याच मापाचं आहे की घर," ती म्हणाली. आतोबा जिन्यात उभे होते. म्हणजे आत्याचे यजमान. ताडमाड उंच, बसवर कंडक्टर. ते म्हणाले, "तुला बसलं. मला आखूड होतंय."

आतोबांचं आयुष्य अरुंद जागेत आडवं होऊन चालण्यात गेलं. दिवसभर बसमधे, आणि घरी आलं की बसच्या धाकट्या बहिणीत. पण घराची खरी पंचाईत रुंदीची नव्हती, तुळयांची होती. एका भिंतीतून निघून दुसऱ्या भिंतीत घुसलेल्या जाडजूड तुळया, आणि त्याही नेमक्या नको तिथे. जिन्याच्या मध्यावर होती तिचं नाव सासू, कारण तिच्यापुढे प्रत्येकाला वाकावंच लागायचं. वरच्या खोलीत पलंगाच्या उशाशी होती ती नणंद. बेसावध उठणाऱ्याला तिनं टोला दिलाच म्हणून समजा. आणि खाली दुकानाच्या ऐन मधे, कमरेच्या उंचीवर आडवा पसरलेला तो जावई. काम काही नाही, जागा मात्र घरातली सगळ्यात चांगली, आणि ऊठ म्हणायची सोय नाही.

आत्या नवे कपडे शिवत नाही. ती आल्टर करते. सैल असेल ते आवळते, घट्ट असेल ते उसवून सोडते. या धंद्यात तिला माणसाचं एक कायमचं दुखणं कळलं. पँट कमरेला लागेनाशी झाली की प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, कापड आटलं. आत्या मान डोलावते. एवढ्या वर्षांत 'मी सुटलो' म्हणणारं गिऱ्हाईक तिला भेटलेलं नाही.

तर एका वर्षी लग्नाच्या लांबलचक झग्यांचं काम आलं, आणि घेर पसरायला टेबल हवं झालं. टेबलाच्या जागेवर जावई. आतोबांनी बस डेपोतून करवत आणली आणि जावयाचा मधला भाग कापून काढला. दोन्ही भिंतींतून दोन थोटकी तेवढी उरली. कापलेल्या तुकड्यातून त्यांनी एक जाड फळी काढली, आत्यानं तिला कापड गुंडाळलं, आणि तिच्यावर बाह्यांना न् पायांना इस्त्री होऊ लागली. संध्याकाळी टेबल मिटलं की फळी परत तिच्या मूळच्या जागी, त्या दोन थोटक्यांच्या मधे, खाली ठोकलेल्या पट्ट्यांवर. करवतीच्या पात्याएवढी ढील दोन्ही बाजूंना, त्यामुळे अलगद जायची. "जावई घरी गेला," आत्या म्हणायची, म्हणजे दुकान बंद. सकाळी वरून आतोबा विचारायचे, "जावई उठला का?" म्हणजे चहा मिळेल का.

हे सगळं असंच चालायचं. पण डावीकडची इमारत विकली गेली.

आधी तिथली माणसं गेली, मग खिडक्या गेल्या, आणि एका सकाळी पाडकामाचा मुकादम आत्याच्या दारात उभा राहिला. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, हातात खडू. आत आला, जिन्यात सासूवर शिरस्त्राणासकट आपटला, सॉरी म्हणाला, कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मग त्यानं डाव्या भिंतीवर, आत्याच्या दोऱ्यांच्या रिळांच्या वर, खडूनं मोठी फुली मारली.

"ही भिंत आमच्यात येते, मावशी."

"तुमच्यात म्हणजे?"

"त्या इमारतीची आहे. पाडायचीय."

आत्यानं उजवीकडे बोट केलं. "मग ही आमची?"

मुकादमानं उजव्या भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. "ही पलीकडच्यांची."

"मग आमचं काय आहे?" आतोबांनी जिन्यातून विचारलं.

मुकादम दुष्ट नव्हता. त्यानं प्रश्न मनावर घेतला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "दार आहे. खिडकी आहे. छप्पर आहे तुमचं."

इतकी वर्षं लोकांच्या भिंतींवर खिळे ठोकून संसार केला, हे आत्याला त्या दिवशी कळलं. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं कापड राखतात, उद्या उसवायची वेळ आली तर कामी यावं म्हणून. त्याला शिंपी माया म्हणतात. ज्यानं हे घर बांधलं त्यानं बोटभरही माया ठेवली नव्हती.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, आमच्याकडे या. आमच्या दोन खोल्या. आत्या बरं म्हणाली आणि विषय बदलला.

मफलर मात्र पेटून उठला. त्याच्या पोटावर पाय येत होता, शिवाय त्याचा आत्यावर जीवही होता. त्यानं नगरपालिकेत खेटे घातले. घर जुनं आहे, जगावेगळं आहे, ते जपलं जावं. एकदा का तसं ठरलं की डावी भिंत कुणाच्या बापाला पाडता येणार नाही. नगरपालिकेची इंजिनियर बाई येऊन बघणार होती. तोवर शेजारची इमारत वरून पाडत आणायची पण मधली भिंत ठेवायची, असं ठरलं. बाईंनी घर धोक्याचं ठरवलं, तर मात्र दाराला सील. दुसरी बात नाही.

हे सांगताना त्याची नजर त्या दोन थोटक्यांवर गेली. एवढ्या वर्षांत त्यानं बाहेरूनच गोष्ट सांगितली होती. आत कधी नीट पाहिलं नव्हतं. आत्यानं करवतीची हकीकत सांगितली. तो खाली बसला.

"काकू, हे बोलायचं नाही," तो म्हणाला. "घर मूळ रूपात पाहिजे. फळी जागेवर ठेवायची, वरून कापड टाकायचं. गोष्ट मी सांगतो, तुम्ही नुसतं हसा."

आणि शेजारी हातोडे सुरू झाले. चहात धूळ, कापडावर धूळ, आतोबांच्या भुवयांवर धूळ. प्रत्येक घावाला टाचण्यांच्या डबीत टाचण्या कुजबुजायच्या. आत्याला वाटायचं, त्या काहीतरी ठरवतायत. ती मशीन थांबवून ऐकायची. हातोडाही नेमका तेव्हाच थांबायचा, आणि मग पुढच्या घावाची वाट बघत बसणं हे घावापेक्षा वाईट. रात्री हातोडे नसत, तर सासू करकरायची. पूर्वी कधी करकरली नव्हती. आतोबा म्हणाले, म्हातारपण आहे तिचं. पण हसले नाहीत.

अशातच एका संध्याकाळी फळी तिच्या जागी जाईना. एक टोक बसलं, दुसरं थोटक्यावर अडलं. आत्यानं तळहातानं ठोकलं. नाही.

"लाकूड फुगलंय," आतोबा म्हणाले. हवा दमट होती, तेव्हा हे पटण्यासारखं होतं. त्यांनी रंधा आणला, फळीचं टोक थोडं तासलं, आणि जावई घरी गेला. थोड्या दिवसांनी पुन्हा अडली. पुन्हा रंधा. मग आणखी लवकर पुन्हा. जिन्याखाली लाकडाच्या कुरळ्या साली साचत गेल्या. इंजिनियर बाई येतील तेव्हा फळी चपखल बसलेली दिसली पाहिजे, म्हणून आतोबा ते काम फार मन लावून करत होते. आत्याला तो रंध्याचा आवाज सोसवेनासा झाला. का, ते तिला सांगता येत नव्हतं. ती त्यांच्यावर उगाच खेकसायची, ते उगाच ऐकून घ्यायचे.

तपासणीच्या आदल्या दुपारी बेकरीवाला पँट घेऊन आला. सुस्वभावी, गोल माणूस. त्यानं पँट टेबलावर ठेवली आणि नेहमीच्या तक्रारीच्या सुरात सांगितलं की गेल्या वर्षी अगदी बरोबर होत होती, आता आटली.

"हो, आटतं कापड," आत्या म्हणाली, टाचणी तोंडात धरायला गेली, आणि तशीच थांबली.

तिची नजर जिन्याखालच्या सालींवर होती.

बेकरीवाला गेल्यावर तिनं पांढरा दोरा काढला. एक टोक उजव्या भिंतीपाशी, दाराजवळच्या खिळ्याला बांधलं. दुसरं मागच्या खिळ्याला, भिंतीपासून तेवढंच अंतर ठेवून ताणलं. दोन्ही टोकांना दोरा भिंतीपासून मोकळा होता. मधे, जावयाच्या थोटक्यापाशी, भिंत येऊन दोऱ्याला टेकली होती. तिनं तळवा ठेवून पाहिला. गिलाव्याखाली भिंतीला पोट सुटलं होतं.

आतोबा बाजारातून आले तेव्हा ती त्या दोऱ्याकडे बघत स्टुलावर बसली होती.

"अहो, फळी फुगली नाही."

"मग?"

"भिंत आलीय. उजवी."

उजव्या भिंतीच्या पलीकडे पाळणाघर आहे. आत्याला घड्याळ लागत नाही. मुलं कविता म्हणायला लागली की सकाळ, एकदम शांत झाली की दुपारची झोप, चमचे वाजले की चार. चमचे आता वाजत होते.

आतोबा दोऱ्याजवळ वाकले. वाकणं त्यांच्या अंगवळणीच होतं, पण परत सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

"उद्या त्या बाईला सांगितलं तर घर जाईल," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुळई मी कापलीय."

"मी सांगितलं म्हणून कापलीत."

"करवत माझ्या हातात होती."

"टेबल माझं होतं."

उभ्या आयुष्यात ती दोघं पहिल्यांदाच, चूक माझी म्हणून भांडत होती. बराच वेळ कुणी माघार घेईना. शेवटी आत्या उठली, पायात चपला सरकवल्या आणि पाळणाघरात गेली.

पाळणाघरवाल्या ताई मुलांची तोंडं पुसत होत्या. आत्यानं विचारलं, तुमची आमच्याकडची भिंत कशी आहे. ताई हसल्या. म्हणाल्या, अहो तिला तर मधे चांगला खोलगट भाग झालाय, मुलांना भारी आवडतो, दोघं दोघं पाठ लावून त्यात बसतात आणि घर घर खेळतात. तिनं सांगितलं ते सगळं ताईंना पटलं नाही. एका दोऱ्यावरून पाळणाघर बंद ठेवलं तर आईबाप काय म्हणतील. पण आत्याचा चेहरा बघून त्यांनी एवढं कबूल केलं की उद्या मुलांना त्या भिंतीकडे सोडणार नाही, रस्त्याकडच्या खोलीत ठेवीन.

सकाळी इंजिनियर बाई आल्या. ठेंगण्या, कामसू, हातात विजेरी. जिना चढताना त्या सासूखालून सरळ निघून गेल्या. सासूला न वाकता गेलेलं हे पहिलंच माणूस. मफलरनं तीन भावांची गोष्ट काढली, आज दारात नव्हे तर आत उभं राहून, त्यामुळे त्याचे हात सारखे भिंतींवर आपटत होते. द्वेषाचं घर म्हणताना त्यानं आवाज खाली आणला आणि नेमका शेजारी हातोडा पडला.

"तुळया सगळ्या मूळच्याच?" बाईंनी खाली येत विचारलं.

"सगळ्या," मफलर म्हणाला.

जावयावर फुलाफुलांचं कापड टाकलेलं होतं. आतोबा त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणजे इतके बघत नव्हते की कुणीही ओळखलं असतं. भिंतीपलीकडे लांबून मुलं कविता म्हणत होती. मफलरनं आत्याला डोळ्यांनी खुणावलं, हसा. आत्या हसली. मग तिनं कापड उचललं.

"ही नाही," ती म्हणाली.

फळी तिरकीच टेकवलेली होती. तिनं ती काढली, पट्ट्यांवर ठेवून दाबली. अर्ध्यावर अडली. "परवा संध्याकाळी जात होती. आज जात नाही. आम्ही समजत होतो लाकूड फुगलं. तासत होतो."

मफलरनं डोळे मिटून घेतले.

"किती तासलंत?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

आतोबांनी जिन्याखाली वाकून दोन्ही ओंजळी भरून साली आणल्या आणि पुढे धरल्या. बाईंनी त्यातली एक चिमटीत धरून पाहिली, भिंतीवरून हात फिरवला, विजेरी सासूच्या टोकाशी नेऊन धरली. मग त्या दारात गेल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "हातोडे थांबवा. आत्ता. एकसुद्धा नाही." आणि मागे वळून, "पलीकडे कोण असतं?"

"पाळणाघर आहे," आत्या म्हणाली. "मुलं आली आहेत."

पुढचं सगळं रस्त्यावर झालं. मुलं दोरीला धरून ओळीनं बाहेर आली. चालता न येणारी दोन मुकादमानंच काखेत आणली, एकानं त्याचं शिरस्त्राण काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. वरच्या मजल्यांवरची माणसं हातातलं काम हातात घेऊन उतरली. ताई आत्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचा दंड धरून ठेवला. सगळे त्या भिंतीकडे बघत होते, आणि भिंत नेहमीसारखीच दिसत होती. तेच जास्त भयंकर होतं.

लोखंडी टेकू घेऊन ट्रक आला, माणसं कामाला लागली, तेव्हा कुठे बाई बोलायला मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, उजवी इमारत पूर्वीपासून डावीकडे झुकत असणार. कुणीतरी बोळात तुळया घातल्या, दोन्ही टोकांना पाचरी मारून घट्ट केल्या, आणि तिला डावीच्या आधारानं उभं ठेवलं. डावी उतरवत आणली तसा आधार हलला, आणि जिथली तुळई नव्हती तिथून भिंत बाहेर यायला लागली. मग त्यांनी मधल्या घराकडे पाहिलं. "हे घर म्हणून बांधलेलं नसावं. तुळया भिजू नयेत म्हणून वर छप्पर घातलं असेल. मग कुणीतरी पुढे दार लावलं. दार लावलं की माणूस राहायला येतोच."

"म्हणजे भाऊ नव्हते?" मफलरनं विचारलं.

"असतीलही. मला माहीत नाही."

"आणि भांडण?"

"भांडलेल्या माणसानं एवढ्या निगुतीनं पाचरी मारल्या नसत्या."

मफलर पाळणाघराच्या पायरीवर बसला. गळ्यातला मफलर काढून त्यानं मांडीवर ठेवला. त्याचा गळा आम्ही पहिल्यांदाच पाहिला. "काकू," तो म्हणाला, "टेकू बघायला कोण येतं हो?"

आत्याला त्याच्याशी बोलायला सवड नव्हती. तिनं बाईंना गाठलं. "घर राहील का?"

"तुळया राहतील. ही इमारत उभी आहे तोवर त्या काढता येणार नाहीत. डावी भिंतही ठेवावी लागेल."

"आणि आम्ही?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "ते मी आज सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. तुळई कापल्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. आतोबा बोलणं खायची तयारी करून, मान खाली घालून उभे होते. त्यांची तयारी वाया गेली, आणि त्यानं ते आणखीच खचले.

ते दिवस त्यांनी आमच्याकडे काढले. येताना आत्यानं मशीन आणलं, टाचण्यांची डबी आणली आणि फळी आणली. आमच्या दोन खोल्यांत ती दोघं प्रत्येक दाराशी वाकत होती. रात्री पलंगावरून उठताना आतोबा नसलेल्या नणंदेसाठी डोकं तिरकं करत. संध्याकाळ झाली की आत्या फळी हातात घेऊन उठायची, खोलीच्या मधोमध उभी राहायची, आणि मग भानावर येऊन ती दारामागे टेकवायची. आई म्हणाली, राहा ना इथेच, आम्हाला काय जड आहात. आत्या म्हणाली, तुमची भिंत तुमची आहे का ते एकदा बघून घ्या. आईला हसावं की काय कळेना.

आतोबा रोज जाऊन यायचे आणि येऊन एकच वाक्य सांगायचे. आज खांब लावले. आज भिंतीत सळ्या घातल्या. आज बाई आल्या होत्या, बोलल्या नाहीत. आत्या विचारायची, चेहरा कसा होता. ते सांगायचे, चेहऱ्यासारखा. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. यांचे वासे जागच्या जागी होते आणि घर राहील की नाही याचाच पत्ता नव्हता.

शेवटी एक दिवस आतोबा आले, दारात वाकले, आणि वाकलेलेच राहून म्हणाले, "चल."

जावयाच्या जागी आता लोखंडी तुळई आहे, पिवळ्या रंगाची, दोन्ही टोकांना मुठीएवढे बोल्ट. जाडी आधीपेक्षा जास्त. कापायच्या टेबलाला जागा उरलेली नाही. आत्या वर पलंगावर कापड पसरते आणि नणंदेखाली वाकून कापते. राहायची परवानगी मिळाली, पण शेजारी नव्या इमारतीचा पाया खणायला घेतील तेव्हा बाई पुन्हा येऊन बघणार आहेत. काय बघणार, त्यांनी सांगितलं नाही, आत्यानं विचारलं नाही. उजव्या भिंतीचं पोट आहे तसंच आहे. ते आत ढकलता येत नाही म्हणे. पाळणाघरानं तिकडचा खोलगट भाग कपाटं लावून बंद केलाय, त्यामुळे चमचे पूर्वीएवढे स्पष्ट ऐकू येत नाहीत. चार वाजले की आत्या मशीन थांबवते आणि ऐकू येईपर्यंत थांबते.

मफलरनं भाऊ सोडले नाहीत. भांडणही ठेवलंय. फक्त आता गोष्टीच्या शेवटी एका भावाचं घर कलायला लागतं, आणि धाकटा मुकाट्यानं मधे जाऊन उभा राहतो. लोक पूर्वीएवढाच उसासा टाकतात, तो म्हणाला. वेगळ्या जातीचा, पण टाकतात.

परतल्यावर पहिल्या सकाळी आत्यानं दुकानात, त्या पिवळ्या जावयाशेजारी उभं राहून, कुणी बघत नाही असं पाहून दोन्ही हात पसरले. डावा तळवा फुलीच्या खुणेवर टेकला. उजवा भिंतीच्या पोटावर. उजवं कोपर सरळ होईना.

"काय झालं?" आतोबांनी वरून विचारलं.

"काही नाही. घर आटलंय थोडं."

पावलं जिना उतरू लागली, मध्यावर सासूवर कपाळ आपटल्याचा ओळखीचा आवाज झाला, आणि मग आतोबा म्हणाले, "आपणच वाढलो असू."